शंकर नगरमधील हद्दीचा दगड

वाचकहो, मुंबई-हावडा मार्गाने जाणारी गाडी नागपूर सोडून पूर्वेकडे निघाली की गोंदियापर्यंत मराठी कानी पडत राहते. पुढे डोंगरगडची टेकडी आणि तीवरील बमलेश्वरीचे देऊळ दिसू लागते, डब्यातील बोली बदलते, आणि राजनांदगाव, दुर्ग, भिलाई मागे टाकून आपण रायपूरला उतरतो. हे शहर आपल्याला परके वाटू नये. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच मध्य प्रांताची शहरे होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याहीपूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तात्यापाऱ्याच्या जुन्या वस्तीत आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही आपली भाषा ऐकू येते.

मी मात्र तात्यापाऱ्यात न जाता शहराच्या पूर्वांगाला असलेल्या शंकर नगरात गेले; कारण माझी चुलत आत्या तेथे राहते. मी भाषांतराचे काम करते. त्या वेळी माझ्या टेबलावर भारताच्या संविधानातील मालमत्तेसंबंधीचे काही अनुच्छेद पडून होते आणि एका शब्दाने मला बेजार केले होते. इंग्रजीत 'व्हेस्ट' म्हणतात, मराठीत 'निहित होणे'. अमुक जमीन संघराज्याच्या ठायी निहित होईल, तमुक राज्याच्या ठायी. वाक्य शुद्ध आहे, परंतु वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ते आत्याच्या परसात माझ्यापुढे उभे राहिले.

आत्याच्या घराच्या मागील भिंतीबाहेर, दोन पावलांवर, एक दगड रोवलेला असे. गुडघ्याइतका उंच, घडीव, वर रेल्वेची अक्षरे कोरलेली. दगडापलीकडे रूळ होते. अरुंद, अडीच फुटांच्या अंतराचे. रायपूरहून धमतरीला जाणारी 'छोटी लाइन' ती हीच. बंगाल नागपूर रेल्वेने ती १९०० साली सुरू केली. तेलीबांधा, माना, केंद्री अशी स्थानके घेत गाडी अभनपूरला पोहोचे. तेथे फाटा फुटून एक वाट राजीमच्या संगमाकडे आणि दुसरी धमतरीकडे जाई. सारा प्रवास सुमारे सत्तर किलोमीटरांचा, पण त्यात सकाळची दुपार होई. विदर्भातील वाचकांस येथे मूर्तिजापूरच्या 'शकुंतले'ची आठवण होईल. त्या लाइनीची गंमत अशी, की देश स्वतंत्र झाल्यावरही तिची मालकी जुन्या खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारत सरकारची रेल्वे तिच्यावर गाडी चालवून कंपनीला मोबदला देत राहिली. धमतरीच्या लाइनीचे तसे नव्हते. बंगाल नागपूर रेल्वेचा कारभार १९४४ साली सरकारने हाती घेतला आणि रूळ, स्थानके, पट्ट्याची जमीन ही सारी पुढे भारत सरकारची झाली.

आतोबा धमतरीच्या शाळेत शिक्षक होते. सोमवारी याच गाडीने जात व शनिवारी परत येत. भिंतीला मागील दार होते. दार उघडून, दगड ओलांडून, रुळांच्या कडेकडेने ते स्थानक गाठीत. दाराबाहेर आत्याने एक जांभूळ लावले होते. ते दगडाच्या पलीकडे, म्हणजे भारत सरकारच्या जमिनीत. "पाणी आमच्या विहिरीचं आणि जमीन दिल्लीची," असे ती सांगे. चाळीस वर्षे त्या जांभळाची फळे आळीतील मुलांनी खाल्ली आणि त्यांस कोणी हटकले नाही.

वाचकहो, आपण रोज ज्या जमिनीवरून चालतो तिचा मालक कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. शंकर नगरच्या मुख्य रस्त्याने मी आत्याबरोबर एक फेरी मारली तेव्हा मोजून पाहिले. मंत्र्यांचे बंगले राज्य सरकारचे. बी.टी.आय.चे मैदान व त्या आवारातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद हीही राज्याची. नळ महानगरपालिकेचा. टपालाची लाल पेटी केंद्राची. आणि या साऱ्यांमधून सुरीने कापावे तशी गेलेली छोट्या लाइनीची पट्टी, तीही केंद्राची. एकाच गावात दोन सरकारे शेजारी म्हणून नांदत होती आणि त्यांच्या मधली सीमा म्हणजे आत्याच्या परसातला तो दगड.

ही वाटणी कशी झाली, ते पाहण्याजोगे आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली. तोपर्यंत नागपुरात इंग्रजांची मालमत्ता म्हणजे रेसिडेन्सीचे आवार व त्याच्या आसपासचा तळ, एवढीच. राज्य भोसल्यांचे आणि त्यात कलकत्त्याच्या सरकारचे एक बेट. लढाईनंतर बेटाचा समुद्र होऊ लागला. छत्तीसगडचा कारभार १८१८ साली इंग्रज देखरेखीखाली गेला आणि कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. रायपूरचे आजचे महत्त्व तेव्हापासूनचे. १८३० मध्ये मुलूख भोसल्यांकडे परत आला खरा, परंतु १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

खालसा करताना एक नाजूक प्रश्न उभा राहिला. राज्य गेले; पण राजाच्या घरातले जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल कोणाचे? दौलतीचे की घराण्याचे? कंपनी सरकारने पुष्कळशा वस्तू लिलावात काढल्या. बांकाबाई व इतर राण्यांनी याविरुद्ध केलेल्या तक्रारी इतिहासात नमूद आहेत. जमिनीच्या बाबतीत मात्र कोणी फारसे विचारले नाही. मोकळ्या व बेवारस शहरी जागांना 'नजूल' म्हणू लागले. हा शब्द नागपूरकरांच्या आणि रायपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातला. घराच्या कागदावर 'नजूल' लिहिले असले की दोन्ही शहरांतील माणूस तोच सुस्कारा टाकतो.

आजूबाजूला मग चौदा मांडलिक संस्थाने उरली: बस्तर, कांकेर, नांदगाव, खैरागड, रायगड, सुरगुजा आणि इतर. आपल्या घरात राजे, परंतु अंगण इंग्रजांचे. रेल्वे आली तेव्हा हे अंगण थेट माजघरापर्यंत पोहोचले. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेली छत्तीसगड रेल्वे आणि तिच्यामागून आलेली बंगाल नागपूर रेल्वे या संस्थानांमधून गेल्या. डोंगरगडचे स्थानक खैरागडच्या राज्यात, राजनांदगावचे नांदगावच्या. त्या काळचा रिवाज असा, की संस्थानातून लोहमार्ग गेला की त्या पट्टीवरील दिवाणी-फौजदारी अधिकार संस्थानिकाने इंग्रज सरकारच्या स्वाधीन करावयाचे. फलाटावर एक कायदा आणि फलाटाच्या पायरीखाली दुसरा! चोराने पायरी उतरली की शिपायाचा नाइलाज व्हावा, असे प्रसंग कल्पनेत तरी सहज येतात. १९४७ च्या डिसेंबरात सरदार पटेल नागपुरास आले, राजांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या आणि १ जानेवारी १९४८ पासून ही संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडात मिसळली. त्या वेळी पुन्हा याद्या झाल्या: हा वाडा राजाचा खासगी, ती कचेरी राज्याची.

१९५० च्या २६ जानेवारीस संविधान अमलात आले आणि माझे ते दोन अनुच्छेद, २९४ व २९५, लागू झाले. त्यांतील नियम साधा आहे. जी मालमत्ता आधीच्या केंद्रीय सरकारच्या कामासाठी राखलेली होती ती संघराज्याची. जी प्रांताच्या कामाची होती ती राज्याची. म्हणजे मालक कोण, हे त्या जमिनीवर कोणते काम चालते यावरून ठरले. नागपूरचे सचिवालय प्रांताच्या कामाचे, म्हणून ते राज्याचे झाले. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या कामाचा, म्हणून तो केंद्राचा. आजही त्या किल्ल्यावर लष्कर आहे आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट यांसारख्या ठराविक दिवशीच तो लोकांना खुला होतो. ज्या टेकडीवर आपले राज्य बुडाले ती टेकडी नागपूरकराने वर्षातून दोन-तीन दिवस पाहावी, हा नियम लहानपणी मला अन्यायाचा वाटे. वडिलांचे बोट धरून मी त्या चढावर रांगेत उभी राहिले आहे. आता वाटते, एरवी त्या टेकडीवर केव्हाच दुकानांचे मजले चढले असते.

छत्तीसगडच्या बाबतीत ही वाटणी दोनदा उलटीसुलटी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले आणि त्याच्या हद्दीतील राज्याच्या जमिनी भोपाळकडून रायपूरकडे आल्या. शंकर नगरातील सरकारी बंगल्यांच्या फाटकांवरील पाट्या तेव्हाच बदलल्या. छोट्या लाइनीच्या पट्टीवर मात्र दोन्ही वेळा काहीच घडले नाही. राज्ये आली, गेली. दगड जागच्या जागी.

केंद्राच्या या मालमत्तेस एक मोठे कवच आहे. अनुच्छेद २८५ म्हणतो की संघराज्याच्या मालमत्तेवर राज्याने किंवा राज्यातील कोणत्याही स्थानिक संस्थेने कर लावू नये. आत्याच्या घरावर घरपट्टी, दगडापलीकडे नाही. परंतु कचरा, दिवे, गटारे यांचा खर्च नगरपालिकांना पडतोच. याविषयी राजकोट महानगरपालिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ साली असे ठरले की केंद्राने कर नव्हे, पण सेवाशुल्क द्यावे: सर्व सेवा घेतल्यास मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काहीच घेतल्यास ५० आणि काहीच न घेतल्यास ३३⅓ टक्के. आणखी एक बारकावा. भिलाईचा पोलाद कारखाना आपण सहज 'केंद्राचा' म्हणतो. पण सरकारने काढलेली कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती ठरते आणि तिची मालमत्ता ही या अनुच्छेदापुरती केंद्राची मालमत्ता नव्हे, असा न्यायालयांचा निर्णय आहे. हे कळल्यावर मी माझ्या भाषांतरातील 'केंद्र सरकारचे कारखाने' हे शब्द खोडले.

याहून खोल प्रश्न कोळशाने उपस्थित केला. राज्याच्या मालकीची जमीन केंद्राला सक्तीने घेता येईल काय? १९५७ साली संसदेने कोळसाधारी क्षेत्रांविषयी कायदा केला आणि पश्चिम बंगाल सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्ये आपल्या घरात सार्वभौम आहेत, त्यांच्या मालमत्तेला हात लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९६२ च्या डिसेंबरात सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुमताने निर्णय दिला की संसदेस तो अधिकार आहे. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी एकट्याने वेगळे मत नोंदविले. निर्णय बंगालचा, परंतु त्याची धग कोरब्याच्या खाणींपर्यंत, म्हणजे छत्तीसगडच्या पोटापर्यंत पोहोचते. मला स्वतःला बहुमताचा निर्णय पटतो; मात्र सुब्बाराव यांचे मत वाचल्यावर त्या पटण्याला एक बोच लागून राहते. उलट दिशेने हा अधिकार नाही. राज्याला रस्त्यासाठी रेल्वेची पट्टी हवी असेल तर केंद्राशी बोलणी करूनच ती मिळवावी लागते.

जगात इतरत्रही हे कोडे आहे. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या सातव्या अनुच्छेदाने तेथील सारी जमीन चिनी राष्ट्राची ठरविली आहे; पण ती सांभाळावयाची व भाड्याने द्यावयाची हाँगकाँगच्या सरकारने, आणि उत्पन्नही त्याच सरकारचे. प्वेर्तो रिको बेटावर एल युंके नावाचे पर्जन्यवन आहे. स्पेनच्या राजाने ते १८७६ मध्ये राखले आणि आज ते वॉशिंग्टनच्या सरकारचे राष्ट्रीय वन आहे. शेजारच्या व्हिएकेस बेटाचा बराचसा भाग अमेरिकी आरमाराच्या ताब्यात होता. लोकांच्या दीर्घ विरोधानंतर २००३ साली आरमार तेथून हलले, परंतु बहुतेक जमीन अमेरिकी सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे, पक्ष्याप्राण्यांच्या अभयारण्यासाठी गेली. बेटावरील माणसाला समुद्रकिनारा मिळाला; सातबारा नाही मिळाला, असे आपल्याकडे म्हटले असते.

आता शंकर नगरकडे वळू. रायपूर राजधानी झाले, वाहने वाढली, आणि छोट्या लाइनीच्या फाटकांपाशी रांगा लागू लागल्या. शहराच्या मधून जाणारी मोकळी सलग पट्टी एकच होती. २०१७ पर्यंत शहरातील गाडीची धाव संपली, रूळ उखडले गेले आणि त्या जागी स्टेशनापासून तेलीबांध्याच्या पलीकडे जाणारा सुमारे १२ किलोमीटरांचा एक्सप्रेस-वे राज्याने बांधावयास घेतला. आरंभ चांगला झाला नाही. २०१९ साली तेलीबांध्याजवळ भराव खचला, चौकशी झाली, आणि पुलांचे काही भाग काढून पुन्हा बांधावे लागले. आज रस्ता वाहता आहे. गाडीही अगदीच हरवली नाही. शहराबाहेरून, मंदिर हसौद व नवा रायपूर यांच्या वाटेने मोठी लाइन टाकण्यात आली आणि ३० मार्च २०२५ ला रायपूर-अभनपूर गाडी सुरू झाली. पण ती आत्याच्या परसामागून जात नाही.

रूळ काढण्यापूर्वी एके सकाळी माणसे आली आणि पट्टीतील झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घालीत गेली. जांभळावरही आकडा पडला. आत्या तेव्हा एका कचेरीत गेली. तेथील गृहस्थाने सभ्यपणे सांगितले की झाड आमच्या हद्दीत नाही. ती दुसऱ्या कचेरीत गेली. तेथे कळले की हद्द आता आमची राहिलेली नाही. कोणी खोटे बोलत नव्हते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता आणि मधल्या काळात जांभूळ कोणाच्याच हद्दीत नव्हते.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारले.

"काय करणार, बाळ? झाड मी लावलं, म्हणून ते माझं थोडंच होतं? यांनी तर तेव्हाच सांगितलं होतं की परक्याच्या जमिनीत लावू नकोस. पण सरकारची जमीन परकी कशी म्हणायची, असं मला वाटायचं. पाखरांना आणि पोरांना तर ती कधी परकी वाटली नाही."

झाड पाडले त्या दिवशी ती पुढच्या खोलीत बसून राहिली. आतोबा जाऊन त्या वेळी दोन वर्षे झाली होती. मागील दार पुढे विटांनी बुजवावे लागले. पलीकडे आता उंच भिंत आणि तिच्यामागे धावती वाहने आहेत. दाराची चौकट मात्र तिने काढू दिली नाही. आतून पाहिले की विटांच्या भिंतीला शिसवी चौकट बसविलेली दिसते, आणि नव्या माणसाला वाटते की येथे एखादे चित्र लावावयाचे राहून गेले आहे.

मी शेवटच्या दिवशी परसात चहा घेत बसले होते. तुळशीवृंदावनाच्या बाजूला, मोगऱ्याच्या आळ्यापाशी, एक घडीव दगड आडवा पडलेला दिसला. त्यावर आत्याने धुतलेली पातेली पालथी घातली होती. मी वाकून पाहिले. चुन्याच्या पुटाखाली अक्षरांच्या खोबणी होत्या.

"अगं, खणणाऱ्या मजुरांनी तो काढून मातीच्या ढिगावर टाकला होता," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, मला हवाय. त्यांनीच दोघांनी उचलून आणून दिला. चहा पाजला त्यांना."

"पण आत्या, हा दगड कोणाचा?"

तिने पातेली उचलून घेतली आणि पदराने दगड पुसला.

"कोणी मागायला आलं तर देईन," ती म्हणाली. "आठ वर्षांत आलेलं नाही. तू चहा संपव, गाडी चुकेल."